तीन दोष, एक चांगली गोष्ट

हॅलो?

हॅलो… हां, बोल. पटकन बोल, काउंटरवर आहे मी. मागे वाफेची इस्त्री चालू आहे, काही ऐकू येत नाही.

काय?

अगं ओरडू नकोस. ओरडलीस की आवाज फाटतो, मग मुळीच कळत नाही. कुठे आहेस तू?

प्रिंटवाल्याकडे. बरं. मग? दिलास बाबांचा फोटो?

काय म्हणाला?

होणार नाही म्हणजे? चार फूट बाय तीन फूट सांगितलंस ना त्याला? ते मोठं मशीन आहे की त्याच्याकडे. गेल्या महिन्यात सरांनी तिथूनच… हो… हो, ऐकतेय… मग?

फुटतोय?

साइज लहान राहिली असेल.

…

काही नाही. म्हटलं, साइज लहान राहिली असेल. कॅमेऱ्याच्या मेनूत असते ती. मोठी, मधली, लहान आणि त्याच्याहून लहान.

मला कसं कळलं म्हणजे काय? फोटो फुटतो कशाने, लहान असला की फुटतो. त्यात कळायचंय काय एवढं? सहा महिने मीही त्याच फोटोच्या क्लासला येते, भिंगरे. तुझ्याच शेजारच्या खुर्चीत बसते.

थांब एक मिनिट. या साहेब, पावती? राखाडी कोट ना? बसा, काढते. हां, बोल तू.

सगळे? दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस?

हो, बरोबर आहे. एकदा साइज ठेवली की पुढचे सगळे तसेच येतात.

पोस्टकार्डएवढा निघेल म्हणाला? मग निदान पोस्टकार्ड तरी…

माहीत आहे मला. माहीत आहे गं, बाबांना पोस्टकार्ड दिसणार नाही! मला काय शिकवतेस? डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीही गेले होते त्यांच्याबरोबर.

एकदा. हो, एकदाच. लिहून ठेव.

नजरेतला मधला भाग गेलाय, कडेकडेचा राहिलाय. वस्तू मोठी असली तरच दिसते. मान तिरकी करून, नाक टेकवून बघतात. वर्षअखेरीपर्यंत तेवढंही राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. बघ, सगळं पाठ आहे मला. तुझ्या एकटीचे बाबा नाहीत ते.

मशीनवर वाढवून देत नाही का तो?

मेणाचा? चेहरा मेणाचा दिसेल म्हणाला?

आणि सरांना विचारलंस? तेही तेच म्हणाले. लांबून चालेल, जवळून नुसते चौकोन दिसतील. आणि बाबा तर लांबून बघूच शकत नाहीत. हं.

मग परत काढ.

अगं, मला माहीत आहे शुक्रवार बाबांच्या दुकानाचा शेवटचा दिवस होता. पण शनिवारी किल्ली दिली म्हणून लगेच काही आतलं सामान…

टेबलसुद्धा? चाळीस वर्षं त्या टेबलावर घड्याळं उघडली त्यांनी, आणि दोन दिवसांत तोडलं? काय लावतोय तो नवा माणूस तिथे?

मोबाइलची कव्हरं. छान.

आणि भिंतीवरची घड्याळं?

पोत्यात. बरं.

रडू नकोस.

नाही रडत? मग नाक कशाला ओढतेस?

हे बघ, आवाज खाली. माझ्या अंगावर यायचं काही काम नाही. आधी यादी काढ. प्रिंटसाठी आज तू ठेवून घेतलेल्या कॅमेऱ्याच्या बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलेली. तुझ्याच अक्षरातली. काढ. मी थांबते.

हा तुमचा कोट, साहेब. बघून घ्या.

काढलीस? वाच.

मोठ्याने वाच. नाही, वाच तू, तुलाच फार हौस होती याद्या करायची. कॅमेरा दोघींचा, सोमवार ते गुरुवार ताईकडे, शुक्रवार ते रविवार माझ्याकडे, आणि देताना प्रत्येकीने शून्यावर आणून द्यायचा. कोणाचे शब्द आहेत हे? वाच.

एक, आयएसओ शंभरवर. होता?

होता. दोन?

व्हाइट बॅलन्स ऑटोवर. होता की नाही? होता. तीन.

फोकसचं बटण. होतं. चार, उजेडाचा काटा मधोमध. होता. पाच, बॅटरी भरलेली. गुरुवारी दुपारी चार तास लावून ठेवली होती मी.

आता सहा वाच.

वाच ना, सहा वाच.

नाहीच आहे! साइज यादीत नाहीच आहे, भिंगरे. तू लिहिलीच नाहीस. जे लिहिलं नाही, ते करायचं मी कसं?

हो, केली मी लहान. केली. त्यात लपवायचं काय आहे? गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत ग्रुपवर फोटो टाकायचा असतो, खाली सगळी सेटिंग्ज लिहून. मोठी फाइल पाठवायला गेलं की ते चक्र फिरत बसतं. दुकान सोडून मी त्या चक्राकडे बघत बसू? म्हणून सर्वांत लहान करून काढला एक. परत मोठी करायला विसरले. माणूस विसरतो.

तू नाही विसरलीस? यादी कशासाठी करावी लागली होती, सांगू? पहिल्याच महिन्यात आयएसओ बत्तीसशेवर ठेवून दिला होतास माझ्याकडे. भर दुपारी गच्चीवर काढलेल्या माझ्या फोटोंवर वाळू उधळल्यासारखे दाणे. आणि त्याच्यानंतर व्हाइट बॅलन्स. माझ्या पोरांचे शाळेच्या कार्यक्रमातले चेहरे निळे! बुडालेल्यांना वर काढावं तसे! तेव्हा मी असा फोन केला होता तुला?

केला असेन. पण रडले नव्हते.

काय झालं साहेब?

नाही, दिसतोय मला डाग. तो आमच्याकडे आला तेव्हाही होता. दोनदा धुतला आम्ही. जुना असला की बसतो तो, नाही निघत. पावतीवर लिहिलंय तसं. नाही साहेब, माझ्यावर ओरडून काय उपयोग? मालकीणबाई चारला येतात, त्यांच्याशी बोला. या.

हां. आहेस?

मुद्दाम? मुद्दाम केलं म्हणतेस? तोंड सांभाळून बोल. कोणाचीही शपथ घेते, लहान करताना माझ्या मनातही नव्हतं काही. नुसती विसरले. ग्रुपवर फोटो टाकला, बॅग बंद केली, तुझ्या हातात दिली. तू दारातूनच गेलीस. आतसुद्धा आली नाहीस.

तुला घाई होती. माहीत आहे. तुला नेहमीच असते.

आणि तुझं काय? दोनशे चाळीस काढलेस, एकदाही मागे जाऊन बघावंसं वाटलं नाही? पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं, किती फोटो बसतील अजून. एरवी चारशे दाखवतं, तिथे चार हजारांच्या वर दाखवत असेल. तेवढाही आकडा दिसला नाही तुला? मोठी आली शहाणी, क्लासमध्ये सगळ्यांच्या चुका काढायला!

बाबांकडे बघत होतीस. कॅमेऱ्याकडे नाही. बरं. फार छान.

काय? कोणता शुक्रवार?

सव्वाअकराला काय?

…

मी कुठे टाइप करत होते?

चुकून बोट लागलं असेल. काउंटरवर हात ओले असतात, कपडे उचलायचे, फोन उचलायचा… असं दिसतं कधीकधी, टाइप करतेय म्हणून. त्याचं काय एवढं?

किती वेळ?

पाच मिनिटं तू त्याकडे बघत बसली होतीस? तेव्हा नव्हतीस वाटतं बाबांकडे बघत.

हो, तू विचारलंस मग. 'काय गं ताई?' आणि मी लिहिलं, 'काही नाही.' लिहिलं असेल. आता वाचून दाखवतेस ते? 'काही नाही' म्हणजे काही नाही.

अगं, मला कामं आहेत! पडद्यांचा ढीग पडलाय इथे, एका हॉटेलचे चाळीस…

कोण बोलतंय मागे?

बाबा? बाबा तिथे आहेत? त्यांना कशाला नेलंस तू!

त्यांनाच यायचं होतं. मशीनमधून बाहेर येताना बघायचा होता. अरे देवा.

अजून सांगितलं नाहीस त्यांना? तू बाहेर पायरीवर येऊन मला फोन करतेस, आणि ते आत बसलेत? मशीनशेजारी?

नको. नको, भिंगरे, त्यांच्याकडे देऊ नकोस फोन. देऊ नकोस म्हटलं ना, मी काय बोलू त्यां…

बाबा! हां, बाबा. कसे आहात?

नाही हो, भांडत कुठे होतो. तिचा आवाजच तसा. तुम्हीच नाव ठेवलंत ना भिंगरी, दुकानात स्टुलाभोवती फिरून फिरून चक्कर येऊन पडायची म्हणून. अजून फिरतेय.

हो, हे ठीक आहेत. पोरंही ठीक. हो, जेवले मी.

बसायला दिलंय ना नीट?

कशाला तेल हवंय?

मशीनच्या? डाव्या बाजूच्या चाकाला? आवाजावरून कळलं तुम्हाला? मग सांगा ना त्याला. सांगितलंत? काय म्हणाला? हसला. हसू दे. तुम्ही म्हणालात म्हणजे हवंच असेल.

खिळे? कुठे ठोकलेत?

पलंगासमोर. चारही? स्वतः? बाबा, दिसत नसताना हातोडी कशाला घ्यायची! बोटाला लागलं का?

एकदाच. बरं. हळद… काहीतरी लावलंत ना? बरं.

हो. चार फूट. हो, टेबल दिसेल ना. आणि मागची भिंतही. घड्याळं सगळी दिसतील, अगदी वरच्या रांगेतलं ते बंद पडलेलंसुद्धा.

आज?

येईल. आज नाही तर उद्या… येईल, बाबा. त्यांचं मशीन, आपल्या हातात थोडंच आहे.

माझा? मी काढलेला कोणता?

हातांचा. हो, काढला होता मी. तीन आठवडे झाले. तुम्ही ते छोटं घड्याळ उघडून बसला होतात, मी आल्याचंही कळलं नव्हतं तुम्हाला.

नाही, तो नाही आला तेवढा चांगला. अंधार होता फोटोत.

कळलं होतं? मी आल्याचं? मग बोलला का नाहीत?

…

अच्छा. मी हलू नये म्हणून.

द्या तिला. हो, येते. येते म्हटलं ना, या रविवारी नक्की. द्या.

…

कशाला दिलास त्यांच्याकडे? मुद्दाम दिलास ना?

मग मी काय सांगणार होते? 'बाबा, नाही होणार, खिळे काढा'? असं सांगू, तेही फोनवर?

हो, 'येईल' म्हणाले. मीच म्हणाले. तू समोर उभी राहून सकाळपासून सांगू शकली नाहीस, आणि मी फोनवर सांगायचं?

परत सव्वाअकरा! काय लावलंयस सव्वाअकरा, सव्वाअकरा!

हो!

हो, आठवलं होतं! झालं? मिळालं तुला हवं ते?

शुक्रवारी. इथेच. गुरुवारचा माझा फोटो कॉम्प्युटरवर घेतलेला होता, तो उघडला. तिकिटाएवढा उघडला. तेव्हा लक्षात आलं, अरे, साइज तशीच राहिली.

मग फोन उचलला. 'साइज बघ' लिहिलं. दोनच शब्द. लिहिले आणि बघत बसले.

पुसले.

नाही, विसरले नाही. मधेच कोणी गिऱ्हाईकही आलं नाही. पुसले. मी पुसले.

का? तू विचारतेस का?

रविवार आठव. त्याच्या आधीचा रविवार. सायकलच्या दुकानावरची सरांची ती खोली, भिंतीवर पांढरी चादर, चादरीवर माझा फोटो. बाबांचे हात. सरांचा नियम काय? ज्याचा फोटो, त्याच्या तोंडाला कुलूप. बाकीच्यांनी तीन दोष सांगायचे, एक चांगली गोष्ट सांगायची, तोपर्यंत त्याने अवाक्षर काढायचं नाही. बेकरीवाला म्हणाला, अंधार जास्त आहे. मान्य. नर्सबाई म्हणाल्या, टेबलाची कड वाकडी आलीय. मान्य. तेही मान्य. आणि मग तू हात वर केलास.

काय म्हणाली होतीस? म्हण ना आता.

'हा फोटो पाहुणीने काढलाय.'

आठ माणसांसमोर. 'काढणारी त्या दुकानात पाहुणी आहे. टेकून उभं राहायला जागा माहीत नाही, म्हणून दारातूनच काढलाय.'

फोटोबद्दल नव्हतं ते! कुठल्या अर्थाने ते फोटोबद्दल होतं? मी बारा वर्षं दुसऱ्या टोकाला राहते, आठवड्यातून तासभर येते, डॉक्टरकडे एकदा गेले, हे बोलत होतीस तू. तिथे. मला तोंड उघडायची परवानगी नसताना. घरी बोलली असतीस तर उत्तर दिलं असतं मी. म्हणून तिथे बोललीस.

आणि सरांनी विचारलं, आता एक चांगली गोष्ट? तर काय म्हणालीस? 'फोकस बरोबर आहे.'

फोकस कॅमेऱ्याने केला होता, भिंगरे.

तर शुक्रवारी बसले होते इथे फोन घेऊन, आणि म्हटलं, बघू या. बघू या घरची मुलगी काय काढते ते.

हो, म्हटलं असं. मनात म्हटलं.

मला वाटलं, थोडे कमी येतील. अगदी असे…

हो. चार फूट माहीत होतं मला. बरोबर. मापं मीच घेतली होती भिंतीची.

हो, वेळ होता. पाच वाजेपर्यंत होता. जेवायच्या सुट्टीत आठवलं. तीनला आठवलं. पाचला तू ग्रुपवर टाकलास ना, बाबा दिवा मालवतायत तो, तेव्हाही आठवलं. तेव्हा मी अंगठा दिला त्याला.

हो, अंगठा. वर केलेला.

शिव्या दे. दे. इथे गिऱ्हाईक आहे, मी परत देऊ शकत नाही, तोवर देऊन घे.

या आजी, बसा. दोन मिनिटं.

काय म्हणालीस?

माझा? हातांचा?

तो मोठ्या साइजचाच होता. तेव्हा बदललेली नव्हती साइज. चार फूट आरामात झाला असता. अंधार असता, कड वाकडी असती. पण नाक लावून बघितलं असतं तर घड्याळाचा एकेक दात दिसला असता बाबांना.

नाहीये.

नाहीये म्हणजे नाही. पुसला.

त्याच रविवारी. क्लासवरून घरी येताना, बसमध्ये. कॅमेरा तेव्हा माझ्याकडे आला होता. कार्डावरून पुसला. दुसरीकडे कुठे घेतलाच नव्हता. ग्रुपवर टाकलेला आहे, तो तिकिटाएवढा.

सरांकडे देऊ म्हणतेस कार्ड? मिळतात परत कधीकधी, हो. मी विचारलंय सरांना आधीच. त्यांनी विचारलं, नंतर त्या कार्डावर किती काढले? दोनशे चाळीस. त्याच्यावरच बसलेत ते. तुझे.

काल विचारलं. रविवारी. तू चहा प्यायला खाली गेली होतीस तेव्हा.

हो. म्हणजे कालपासून माहीत होतं मला, हे असं होणार ते. आणि तरी मी आज सकाळी तुला प्रिंटवाल्याकडे जाऊ दिलं. बोल. हेही बोल. मला कळतंय मी काय सांगतेय.

दे, बाबांकडे दे फोन. मीच सांगते. आत्ता सांगते.

का नको?

अगं दे म्हणतेय ना, मी केलंय, मी सांगते…

काय?

कुलूप? आत्ता? फोनवर?

हा काय पोरखेळ आहे, भिंगरे? मी कामावर आहे. समोर आजी बसल्यात.

…

बरं.

बरं. लावलं. बोल.

…

…

हं.

…

नाही, बोलत नाहीये. हं म्हटलं फक्त.

…

एक. हो.

…

…

…सव्वाअकरा, जेवायची सुट्टी, तीन, पाच. चारदा. हं.

…

आजी, पावती तिथेच ठेवा. मला… मला दोन मिनिटं बोलायचं नाहीये.

…

दोन.

…

…बाबांना 'येईल' म्हणाले. हं.

…

…

…

तीन.

…

काय?

…

परत बोल. इस्त्रीचा आवाज आला मधे.

…

'पाहुणीनेसुद्धा कळवलं असतं.'

…

…

हं.

…

झाले. तीन झाले.

…

आता एक. एक चांगली गोष्ट राहिली.

अगं, नियम आहे. सरांचा. ती सांगितल्याशिवाय कुलूप निघत नाही. काहीही सांग. बॅटरी भरून दिली होती, ते सांग. फोकसचं बटण…

कसला आवाज येतोय?

मशीन चालू झालं? काय छापतोय तो? कोणी सांगितलं त्याला?

बाबांनी? 'जसा येईल तसा काढ' म्हणाले? त्यांनी ऐकलं सगळं? दारातच उभे होते ते?

भिंगरे, थांबव त्याला. तो मेणाचा… ते नाक लावून बघतील गं, त्यांना नुसते चौकोन… थांबव ना!

आणि एक राहिलं आहे. भिंगरे? ऐक ना…

हॅलो?

…

हॅलो?

…

नाही हो आजी. चालू आहे फोन. बोलतेय ती.

थांबा जरा. तीन झालेत. एक राहिलंय.